दुसऱ्याचे जनावर हाती घेताना



या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा बंदोबस्त सांगायचा, असे मागच्या खेपेला मी कबूल केले होते. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, त्याबद्दल माफी असावी. कारणही तसेच घडले. हरभराच पाहायला म्हणून दर्यापूर तालुक्यातल्या एका खारपाणपट्ट्यातल्या गावी गेलो होतो. शेत पाहून झाले, पारावर चहा झाला आणि निघताना एका वृद्ध गृहस्थांनी माझा हात धरला. त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला जागच्या जागी देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

हे गृहस्थ त्या गावचे जुने गायकी. घाटावरचे लोक ज्याला गुराखी म्हणतात, त्याला आपल्या वऱ्हाडात गायकी म्हणतात. गावात सगळे त्यांना गायकीबाबाच म्हणतात. मला म्हणाले,

"साहेब, म्या जलमभर लोकाईचे ढोरं राखले. पोट्ट्याले म्हनलं, तू शिक. त्यानं बी.ए. केलं. चार वर्सं झाले, अमरावतीले राहून परीक्षा देते. अन् आता काय करते म्हन्ता? लोकाईचे कुत्रे फिरवते! बाप ढोरामांगं, पोरगा कुत्र्यामांगं. मंग शिकवलं कायले?"

पारावरची दोन-चार पोरे फिदीफिदी हसली. म्हाताऱ्याने मान खाली घातली.

झाले होते असे की, गावचा एक जण कामानिमित्त अमरावतीला गेला होता. कॅम्प भागात त्याने या मुलाला पहाटे एका दांडग्या कुत्र्याची साखळी धरून चालताना पाहिले. एस.टी. गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. मुलाने फोनवर बापाला खरे ते सांगितले. सहा महिन्यांपासून तो सकाळ-संध्याकाळ चार घरची कुत्री फिरवतो, महिन्याचे पैसे घेतो आणि मधल्या वेळात अभ्यासिकेत बसतो. खोलीचे भाडे आणि खानावळ त्यातून निघते. घरून पैसे मागवायचे त्याने बंद केले होते ते यामुळेच. बापाला वाटले होते, मुलगा शिकवण्या घेत असेल.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रे फिरवायला माणूस कशाला लागतो? आपल्या गावची कुत्री आपली आपण फिरतात. पण शहराची गोष्ट वेगळी आहे. तिथे पुष्कळ घरांत म्हातारा-म्हातारीच उरली आहेत. मुले पुण्याला, हैदराबादला नाहीतर परदेशात. जाताना सोबतीला आणि राखणीला म्हणून एक कुत्रे देऊन गेलेली. म्हाताऱ्यांचे गुडघे धरलेले, आणि कुत्रे तीस किलोचे. दुसरीकडे नवरा-बायको दोघेही नोकरीवर, सकाळी डबा करायचा की कुत्रे फिरवायचे, हा प्रश्न. तेव्हा भरवशाचा माणूस मिळाला तर लोक पैसे देतात. मुंबई-पुण्याला हा धंदा जुना झाला. आता तो आपल्या अमरावती-अकोल्याकडेही पाय टाकतो आहे.

आणि फिरवणे ही कुत्र्याची चैन नाही, गरज आहे. जर्मन शेफर्ड हे नाव तुम्ही ऐकले असेल. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून १८९९ च्या सुमारास ही जात पक्की केली गेली. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड नावाच्या थंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली जाळी ओढत. आपल्या दक्षिणेकडचा कारवानी, ज्याला मुधोळ म्हणतात, तो सशामागे धावणारा शिकारी. अशा कष्टाच्या जातीचे जनावर दोन खोल्यांच्या घरात दिवसभर बांधलेले असते. नांगराचा तरणा बैल महिनाभर दावणीला नुसता उभा ठेवा, मग तो कसा वागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कुत्र्याचेही तेच होते. भुंकते, चपला-गाद्या फाडते, स्वतःचेच पाय चाटून जखमा करते, नाहीतर लठ्ठ होऊन सांधे धरून बसते.

म्हणजे काम खरे आहे, आणि गरजही खरी आहे. राहिला प्रश्न लाजेचा.

मंडळी, ज्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली त्यांना गायकीचे काम आठवत असेल. दिवस उगवायच्या सुमाराला तो आखरावर येऊन उभा राही. घरोघरची ढोरे आखरावर जमत. शे-दीडशे जनावरांचे गोहन घेऊन तो ई-क्लासच्या पडीत जमिनीवर, नाल्याकाठाने, दिवसभर चारून आणी. कोणती गाय गाभण, कोणती मारकी, कोणती संधी मिळाली की दुसऱ्याच्या ज्वारीत शिरणारी, हे त्याच्या तोंडपाठ असे. एखादे जनावर पिकात शिरले तर कोंडवाड्यात जाई. तो कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केलेला. दंड मालक भरी, पण बोल मात्र गायकीला लागे. आणि एवढे करून मिळे काय? दर जनावरामागे ठरलेली ज्वारी नाहीतर थोडे पैसे, तेही लोक देतील तेव्हा. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी तेवढा मान. बैलाने शिंग मारले तर औषधपाणी ज्याचे त्याने. सुटी नाही, आणि हिशेबाचे कागदही नाहीत.

विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः गोवारी समाजाने केले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हा समाज आपल्या मागण्या घेऊन नागपूरला विधानभवनावर गेला. तिथल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बायका-लेकरे पुष्कळ होती. ज्यांनी आपली ढोरे राखली त्यांच्या दुःखाकडे आपण किती लक्ष दिले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

म्हणून मला वाटते, लाजेची गोष्ट दुसऱ्याचे जनावर राखण्यात नव्हती. ते राखणाऱ्याला आपण त्याच्या कामाचा मोल दिला नाही, यात होती. गाडगेबाबा लहानपणी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी ढोरेच राखत होते. पुढे त्यांनी हाती खराटा घेतला आणि लोकांची घाण काढली. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या मुलखात कामाची लाज धरायची म्हणजे कठीण आहे.

पण हे सगळे मला नंतर सुचले. त्या दिवशी पारावर मी एवढेच म्हणालो, "गायकीबाबा, एकदा चला माझ्यासंगं अमरावतीला. डोळ्यानं पाहू, मग बोलू."

आठ दिवसांनी ते माझ्याकडे मुक्कामाला आले. पहाटे आम्ही दोघे कॅम्पात जाऊन एका झाडाखाली उभे राहिलो. थंडी चांगली होती. पावणेसहाला मुलगा एका बंगल्यातून पिवळसर लॅब्राडोर घेऊन बाहेर आला. दोर हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरलेला. पलीकडून एक मोकाट कुत्रे भुंकले, लॅब्राडोरने हिसका दिला आणि मुलगा चार पावले ओढला गेला.

तोवर गप्प असलेले गायकीबाबा रस्ता ओलांडून पोचलेदेखील. "हाताले कासरा गुंडाळू नको रे! बोटं जातीन!" मुलगा चमकला. बापाने दोर सोडवून घेतला, फास अंगठ्यात अडकवून मुठीत धरला, दुसऱ्या हाताने मध्यावर ढिला पकडला. "असा धर. लईच वढलं तं सोडता आलं पायजे." गायकीबाबांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. ती कशाने, हे इतकी वर्षे ओळख असून मी कधी विचारले नव्हते. त्या सकाळी न विचारता कळले.

फिरून आल्यावर घरच्या बाई दारात उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका. मुलाने सांगितले, "हे माझे बाबा. आमच्या गावचे गायकी होते." बाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "दोन दिवसांपासून हा पुढचा पाय उचलून टाकतो. जरा पाहता का?" गायकीबाबांनी आधी आपल्या हाताचा वास कुत्र्याला घेऊ दिला, पाठीवरून हात फिरवला, मग पंजा उचलून बोटे फाकवली. आत गोचीड फुगून बसलेली. बाईंच्या घरी चिमटा होता. त्याने ती मुळाशी धरून सरळ ओढून काढली, आणि बाकीच्या औषधाला डॉक्टरांकडे नेण्याचे ठरले.

आता ज्यांची मुले शहरात शिकायला आहेत आणि ज्यांना असे काम करावेसे वाटते, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. २०२५ साली मोबाइलवर एक बातमी पुष्कळ फिरली, की एक गडी कुत्री फिरवून महिन्याला लाखो रुपये कमावतो. अशा बातमीवर घर सोडू नये. पाटी घ्या आणि मांडा. एका कुत्र्याला अर्धा तास, एका घरून दुसऱ्या घरी जायला दहा मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटे. सकाळी साडेपाच ते सव्वाआठ या वेळात चार कुत्री होतात. संध्याकाळी तेवढीच. म्हणजे दिवसाच्या आठ फेऱ्या, त्याहून जास्त एका माणसाच्याने नीट होत नाहीत. एका फेरीचे महिन्याला एक हजार धरले तर आठ हजार. त्यातून पेट्रोल, बूट, साबण, टॉर्च मिळून दीड हजार वजा करा. उरले साडेसहा हजार. हा आकडा समजावा म्हणून धरला आहे, आपल्या भागातला दर चार घरी विचारून ठरवावा. यात खोली आणि खानावळ निघेल, ट्रॅक्टरचा हप्ता निघणार नाही. हा जोडधंदा आहे, दोन शेळ्यांसारखा. त्याच्याकडून दहा म्हशींच्या दुधाची आशा करू नये.

दुसरी गोष्ट वहीची. गायकीबाबांनी दीडशे जनावरे डोक्यात ठेवली, पण कागद नसल्यामुळे त्यांचे पैसे बुडाले. मुलाने तसे करू नये. प्रत्येक घराचे एक पान करावे. मालकाचे नाव, कुत्र्याचे नाव आणि वय, लस कधी टोचली, कोणत्या डॉक्टरांकडे जाते, काय खायला चालत नाही, चावण्याची खोड आहे का, सगळे लिहावे. पैसे महिना सुरू होताना घ्यावेत. महिन्यात किती सुट्या, मालक गावाला गेले तर काय, कुत्रे कुणाला चावले तर खर्च कोणी करायचा, हे आधी बोलून, लिहून, दोघांच्या सह्या कराव्यात. पहिला आठवडा मालकाला सोबत घेऊनच फिरावे. घराची किल्ली हाती दिली तर ती जनावरापेक्षा मोठी ठेव समजावी.

तिसरी गोष्ट पिसाळण्याची, आणि इथे मी जरा जोर देऊन सांगतो. १९९६ साली मी नोकरीत नवा होतो. मेळघाटच्या पायथ्याशी एका गावात कुत्र्याने माझी पोटरी फोडली. घरच्या आजीने प्रेमाने तिखट आणून जखमेत भरले, आणि मी बी.एस्सी. झालेला माणूस ते भरू दिले. ती माझी चूक होती. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ती घेतली म्हणून आज लिहितो आहे. ती जुनी लस देशातून केव्हाच गेली. आता सुई दंडावर देतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. तेव्हा लक्षात ठेवा. तिखट, चुना, हळद, तेल काही लावायचे नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर जखमेतच टोचायचे वेगळे औषधही लागते, ते डॉक्टर ठरवतील. सुयांच्या तारखा सांगतील त्या सगळ्या पाळायच्या, एकही चुकवायची नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. पण त्याआधी लस घेतली तर तो वाचतो. पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जुलै १८८५ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलावर हे प्रथम करून दाखवले.

रोज परक्या कुत्र्यात हात घालणाऱ्याने तर चावण्याची वाटच पाहू नये. त्याच्यासाठी आधीच घ्यायच्या सुया असतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. त्या घेतल्या तरी चावल्यावर पुन्हा दवाखान्यात जावेच लागते. आणि ज्या कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड मालक दाखवत नाही, त्या कुत्र्याचा दोर हाती घ्यायचा नाही. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस देतात, पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस. पार्वो आणि डिस्टेंपर हेही कुत्र्यांचे वाईट रोग आहेत. पार्वोने पिल्लाला ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण लागते, आणि त्याचे विष आपल्या बुटांवरून दुसऱ्या घरी जाते. २०२२ साली लम्पी आला तेव्हा बैलबाजार बंद ठेवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तीच शिस्त इथे. आजारी कुत्र्याची फेरी बंद, आणि प्रत्येक घर सोडताना हात साबणाने धुणे.

चौथी गोष्ट आपल्या उन्हाची. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड ही थंड मुलखातली केसाळ जनावरे, आणि अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जाणारा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करते. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. उन्हाळ्यात सकाळची फेरी साडेसातच्या आत संपवावी आणि संध्याकाळची दिवस मावळून रस्ता निवल्यावरच काढावी. तेव्हा चाराच्या जागी तीनच कुत्री होतील, ते सोसावे. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्याला ऊन फारच लवकर लागते. कुत्रे झोकांड्या खाऊ लागले, जीभ लालभडक किंवा निळसर दिसली, तर सावलीत घ्यावे, साधे पाणी अंगावर ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. बर्फ चोळू नये.

पाचवी गोष्ट चालवण्याची. सुरुवातीला एका वेळी एकच कुत्रे. दोन घरची कुत्री एका हाती धरू नयेत. किती का शहाणे असेना, दुसऱ्याचे कुत्रे दोरातून मोकळे सोडू नये. माजावर आलेल्या कुत्रीची फेरी वेगळ्या वेळी, नाहीतर गल्लीतली सगळी कुत्री मागे लागतात. मोकाट कुत्री अंगावर आली तर पळू नये आणि दगडही उचलू नये. आपले कुत्रे मागे घेऊन, त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू बाजूला व्हावे. अमरावतीच्या मुलांना खास सांगणे, वडाळी, छत्री तलाव आणि विद्यापीठाच्या बाजूला पोहऱ्याचे जंगल लागून आहे. तिकडे बिबट्या असतो आणि कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य. अंधारात त्या कडेला जाऊच नये. कुत्र्याला आपल्या हाताने काही खाऊ घालू नये. चॉकलेट, मनुका, कांदा, लसूण ही आपली खाणी त्याला विषासारखी आहेत. आणि कुत्र्याने रस्त्यावर घाण केली तर ती कागदाने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकावी. त्याची लाज वाटली तर वर गाडगेबाबांविषयी लिहिले आहे ते पुन्हा वाचावे.

अकोल्याकडच्या मुलांना एक सोय आहे. तिथे नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. तिथल्या डॉक्टर मंडळींना नम्रपणे विचारले तर जनावर कसे धरावे, गोचीड कुठे पाहावी, आजार कसा ओळखावा, एवढे सांगायला ते नाही म्हणणार नाहीत. मी स्वतः अकोल्याच्याच कृषी विद्यापीठाचा. आम्हाला पशुसंवर्धनात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी शिकवली, कुत्र्याचा धडा नव्हता. या वयात मी तो विचारून विचारून शिकलो आहे, तेव्हा मुलांना अवघड नाही.

एक इशारा मुलांच्या बाजूनेही द्यायला हवा. परीक्षेचे वय निघून जाते आणि कुत्र्यांचे पैसे दर महिन्याला येत राहतात. तेव्हा किती वर्षे परीक्षा द्यायची हे बाप-लेकाने समोरासमोर बसून ठरवावे. जोडधंदा अभ्यासाला टेकू म्हणून आहे, अभ्यास टाळायला आडोसा म्हणून नाही. आणि ठरवून हाच धंदा पुढे करायचा असेल तर तेही उघडपणे सांगावे. चोरून केलेल्या कामाची चव घरच्यांना कडूच लागते. गायकीबाबांना कुत्र्यांपेक्षा जास्त लागले होते ते मुलाने लपवले याचे.

आता मूळ प्रश्न. मंग शिकवलं कायले?

गायकीबाबा, याचे उत्तर मला त्या मुलाच्या वहीत सापडले. परत निघताना मी ती पाहायला मागितली. चार घरांची चार पाने. दर लिहिलेला, सुट्या लिहिलेल्या, लसीची तारीख लिहिलेली, खाली मालकाची सही. एका पानावर आडवी रेघ होती. विचारले तर म्हणाला, "त्यांनी कार्ड दाखवलं नाही, म्हणून ते घर सोडलं." तुम्ही पस्तीस वर्षे ढोरे राखलीत, पण एखाद्या घराला 'तुमचे जनावर नेत नाही' असे म्हणायची तुम्हाला सोय नव्हती. लोक देतील ती ज्वारी घ्यायची, आणि शिंग लागले तर हळद लावून दुसऱ्या दिवशी आखरावर उभे राहायचे. काम तेच आहे. पण तुमचा मुलगा आपल्या कामाची किंमत आपण सांगतो, ती लिहून घेतो, आणि पटले नाही तर नाही म्हणतो. त्याला शिकवले ते यासाठी. आणि जे शाळेत मिळत नाही, म्हणजे दोर कसा धरावा आणि पंजात गोचीड कुठे असते, ते त्याला तुमच्याकडूनच घ्यायचे आहे.

दुपारच्या एस.टी.त मी त्यांना बसवून दिले. मुलगा केळी घेऊन आला होता. बाप-लेक फारसे बोलले नाहीत. गाडी सुरू झाली तेव्हा गायकीबाबांनी खिडकीतून मला हाक मारली.

"साहेब, नवकरी लागन तवा लागन. पन त्याले सांगजा, कुत्र्याच्या बोटाईत रोज पाह्यत जाय म्हना."

निरोप मी पोचवला आहे.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरची घाटेअळी, आणि यावेळी नक्की. तोवर शेतात पक्षी बसायला काड्यांचे मचाण उभे करून ठेवा.